क्युबन बोंगो शिकायचाय? आधी मार्तियो, मग बाकी सगळं

आपल्याकडे बोंगो ओळखीचा झाला तो सिनेसंगीतामुळे आणि ऑर्केस्ट्रामुळे. सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त तो वापरला, मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत कावस लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी लॅटिन तालवाद्यं रुजवली, आणि पुढे गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदांत स्टँडवर बसवलेली छोट्या ढोलांची ती जोडी नेहमीची झाली. पण तिच्यावर वाजतो तो बहुतेक वेळा केरवा, आणि हात असतात ढोलकी-तबल्यावर तयार झालेले. त्याचीही मजा आहे. क्युबातली रीत मात्र वेगळी आहे. तिथे बोंगो मांडीत धरून, बोटांनी वाजवतात. डाव्या हाताचा अंगठा त्यात निम्मं काम करतो, आणि तालाचं वजन आपल्याला सवय असते त्या जागी पडत नाही. ती रीत पहिल्यापासून शिकायची असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

हे वाद्य आलं कुठून

थोडा इतिहास आधी, कारण तो हातांना उपयोगी पडतो. बोंगो क्युबाच्या पूर्व भागातला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ग्वांतानामोच्या परिसरात चांग्वी नावाचं गावाकडचं संगीत आजही वाजतं. त्यातला बोंगो आकारानं मोठा आणि आवाजानं खोल असतो. त्याच पूर्व भागात ‘सोन’ हा गायनप्रकार वाढला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी हवानात पोचला. १९२० मध्ये सेक्स्तेतो आबानेरो आणि १९२७ मध्ये इग्नास्यो पिन्येइरो यांचा सेक्स्तेतो नॅसिओनाल असे गट उभे राहिले. सहा जणांचा ताफा: त्रेस नावाची जोडतारांची छोटी गिटार, साधी गिटार, डबल बास, माराकास म्हणजे खुळखुळे, क्लावेच्या दोन काठ्या आणि बोंगो. त्या ताफ्यात चामड्याचं वाद्य एकच होतं. कातड्याचा आवाज म्हणून जे काही ऐकू यायचं ते बोंगोचं, त्यामुळे बोंगो वाजवणारा, म्हणजे बोंगोसेरो, मोकळा खेळायचा आणि गायकाशी सतत बोलायचा.

१९४० च्या दशकात आर्सेन्यो रॉद्रीगेस या अंध त्रेसवादकानं आपल्या ताफ्यात पियानो, जास्तीचे ट्रंपेट आणि कोंगा हा उंच ढोल घेतला. खालचा भारदस्त आवाज कोंगानं उचलला आणि बोंगोच्या वाट्याला वरची बारीक, अखंड विणकाम करणारी चाल आली. तिला मार्तियो म्हणतात. स्पॅनिशमध्ये मार्तियो म्हणजे हातोडा. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करायची, कारण मार्तियो स्थिर झाल्याशिवाय जुन्या बोंगोसेरोंची मोकळीक हातात येत नाही.

वाद्य घेताना

दोन ढोल मधल्या लाकडी ठोकळ्यानं जोडलेले असतात. लहान तो ‘माचो’, म्हणजे नर. मोठी ती ‘एम्ब्रा’, म्हणजे मादी. माचोचं तोंड साधारण ७ इंचांचं आणि एम्ब्राचं साडेआठ इंचांच्या आसपास असावं. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारी चार-पाच इंची जोडी घेऊ नका. तिच्यावर अंगठा आणि बोटं एकाच वेळी मावत नाहीत, म्हणजे मार्तियो बसतच नाही.

पूर्वी कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे आणि आवाज चढवायला ते विस्तवावर शेकत. आता लोखंडी कडी आणि पान्यानं फिरवायचे हुक असतात. क्युबावर अमेरिकेनं १९६२ मध्ये व्यापारबंदी घातली आणि तिथून येणारी वाद्यं अमेरिकेत मिळेनाशी झाली. १९६४ मध्ये मार्टिन कोहेन यांनी लॅटिन पर्कशन, म्हणजे एलपी, ही कंपनी सुरू केली ती याच टंचाईतून. आज दुकानांत दिसणाऱ्या बोंगोंची घडण बरीचशी त्या काळातली आहे.

कातडं खरं घ्यावं की प्लास्टिकचं? आवाजाच्या बाबतीत माझं मत खऱ्या कातड्याच्या बाजूनं आहे. अंगठा दाबल्यावर त्याचा सूर जसा बदलतो तसा प्लास्टिकवर बदलत नाही. पण कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर खरं कातडं सैल पडत राहणार. रोज पाना हातात घ्यायची तयारी नसेल तर पहिलं वर्ष प्लास्टिकवर काढलं तरी चालेल.

सूर लावताना माचो खूप चढा हवा. नवशिके तो नेहमी सैल ठेवतात आणि मग बोटाचा आवाज उमटत नाही म्हणून जोरानं मारतात. बोटाच्या टोकानं कडेला हलकंच टिचकवलं तरी टणत्कार आला पाहिजे. एम्ब्रा त्याच्या खाली, साधारण ‘सा’ आणि वरचा ‘म’ किंवा ‘प’ यांच्यात असतं तितक्या अंतरावर. एकच हुक पूर्ण पिळायचा नाही. प्रत्येकाला पाव वळसा देत गोल फिरायचं, म्हणजे ताण सगळीकडे सारखा राहतो. खरं कातडं असेल तर वाजवून झाल्यावर हुक थोडे ढिले करून ठेवा.

बैठक

हातांची नसलेली, सपाट खुर्ची घ्या. पुढच्या कडेवर बसा. बोंगो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरा. उजव्या हातानं कामं करणाऱ्यांनी माचो डावीकडे आणि एम्ब्रा उजवीकडे ठेवायची, डावखुऱ्यांनी उलट. तोंडं आपल्यापासून किंचित पलीकडे झुकलेली असू द्या. गुडघ्यांनी आवळू नका, नुसता आधार द्या. पाच मिनिटांत मांड्या दुखू लागल्या तर पकड घट्ट आहे असं समजा. अंगठ्या आणि कडं काढून ठेवा.

उभं राहून स्टँडवर वाजवायला पुढे हरकत नाही, पण सुरुवात बसूनच करा. बसल्यावर मनगटं कातड्याच्या पातळीत येतात आणि अंगठा आपोआप योग्य जागी पडतो.

चार आवाज

मार्तियोआधी हे चार आवाज सुटे सुटे काढून पाहा.

उजव्या तर्जनीनं माचोच्या कडेजवळ मारा. बोटाची पहिली दोन पेरं कातड्यावर पडतात आणि लगेच उसळून वर येतात. हा खुला, चमकदार आवाज. जोर खांद्यातून नको, बोट आणि मनगट पुरे.

आता डावा अंगठा माचोच्या मध्याच्या आसपास आडवा ठेवा, दाबून धरा आणि उजव्या तर्जनीनं तसंच मारा. आवाज बंद, कोरडा आणि थोडा चढा येईल. हा दाबलेला आवाज ऐकू यायला लागला की तुमचा अंगठा कामाला लागला.

तिसरा डाव्या हाताचाच. अंगठ्याच्या कडेनं आणि मग बोटांच्या टोकांनी, आळीपाळीनं माचोवर हलके आघात. हात उचलून आपटायचा नाही. तो मनगटातून डुलतो, एकदा अंगठ्यावर आणि एकदा बोटांवर. हे आघात पुढे बसलेल्या माणसाला जवळजवळ ऐकू येऊ नयेत, पण ते नसले तर सगळी चाल कोसळते.

चौथा आवाज एम्ब्राचा. उजव्या हाताची तर्जनी, हवं तर मधलं बोटही जोडून, एम्ब्राच्या कडेजवळ. खुला, गोल आवाज.

मार्तियो

चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग, म्हणजे आठ आघात. हात एकाआड एक: उजवा, डावा, उजवा, डावा. आपल्याला बोलांची सवय आहे, म्हणून मी शिकवताना असे बोल देतो:

टी क ट क टी क धूम क

एकेक करून पाहू.

१, टी: उजवी तर्जनी, माचो, खुला. डावा हात कातड्यापासून सुटा.
मधला क: डावा अंगठा माचोवर पडतो आणि तिथेच राहतो.
२, ट: उजवी तर्जनी, माचो. अंगठा दाबलेलाच आहे, म्हणून आवाज बंद.
मधला क: अंगठा उचलत डाव्या बोटांची टोकं खाली.
३, टी: बोटं सुटली, उजवी तर्जनी पुन्हा खुली.
मधला क: डावा अंगठा.
४, धूम: उजवा हात एम्ब्रावर, खुला.
मधला क: डाव्या बोटांची टोकं माचोवर. आणि परत १.

डाव्या हाताच्या अंगठा-बोटांच्या क्रमात प्रत्येक गुरूचं थोडं वेगळं असतं. कुणी शेवटच्या आघातालाही अंगठाच ठेवतो. एक क्रम धरा आणि तो अंगात भिनेपर्यंत बदलू नका.

आधी तोंडानं बोला, मग मांडीवर वाजवा, मग वाद्यावर. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावा, प्रत्येक टिकीला दोन आघात. इतक्या संथ गतीला कंटाळा येतो हे खरं, पण याच गतीला अंगठा वेळेवर उचलला जातो की नाही ते कळतं. ‘टी’ आणि ‘ट’ यांच्यातला फरक प्रत्येक वेळी ऐकू आला पाहिजे. तो मावळला की गती खूप झाली. चार-चारनं वाढवत १०० च्या पुढे न्या. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज.

नव्या वादकांच्या मार्तियोत एक दोष हमखास असतो: डावा हात उजव्याइतकाच मोठा. मग चाल नांगर ओढल्यासारखी जड होते. मोबाइलवर स्वतःचं वादन रेकॉर्ड करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐका. तिथून ‘टी’ आणि ‘धूम’ स्पष्ट आणि ‘क’ नुसता सळसळता यायला हवा.

सम हलकी, चौथा जड

मराठी कानांना क्युबन ताल इथेच अडतो, म्हणून इथे जरा थांबू.

आपण लहानपणापासून खर्जातला आघात समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर, ऐकतो. केरव्याचा ‘धा’ समेवर, आरत्यांतल्या ढोलकीचा घुमारा समेवर. भजनात मृदंग थांबतो तोही समेवर. मार्तियोमधला एकमेव खालचा आवाज मात्र चौथ्या ठोक्यावर आहे. त्यामुळे पंधरा-वीस आवर्तनं झाली की नकळत मन पलटी खातं आणि ‘धूम’ला एक समजू लागतं. हात बरोबर चाललेले असतात, ऐकणारं डोकं एका ठोक्यानं सरकलेलं असतं. एकट्यानं वाजवताना हे कळत नाही. बासबरोबर किंवा गायकाबरोबर बसलं की सगळं विस्कटतं.

ही चौथ्याची ओढ फक्त बोंगोची नाही. सोनमधला बास दुसऱ्या ठोक्याच्या मधल्या भागावर आणि चौथ्यावर वाजतो, आणि चौथ्यावरचा सूर पुढच्या समेवरून ओढत नेतो. कोंगाचे खुले आघातही चौथ्यावर आणि त्याच्या मधल्या भागावर. सगळा ताफा समेच्या आधी वजन टाकतो आणि सम जवळजवळ मोकळी सोडतो. नाचणाऱ्यांची पावलं त्या मोकळ्या जागेत पडतात. क्युबन संगीताला जो पुढे झुकलेला झोल आहे, तो यातूनच येतो.

सवय मोडायला दोन सराव सांगतो. पहिला: वाजवताना ठोके मोठ्यानं मोजा, आणि थांबायचं असेल तेव्हा ‘धूम’वर कधीच थांबू नका. नेहमी पुढच्या ‘टी’वर, ‘एक’ म्हणत थांबा. दुसरा: पायानं १ आणि ३ धरा, हातानं फक्त ‘धूम’ वाजवा, बाकी सगळे आघात मनात. पायाचा ठोका न चुकता दोन मिनिटं हे जमलं की मार्तियो पूर्ण वाजवा. तबला शिकलेल्यांना पहिल्या सरावाचा फार फायदा होतो, कारण त्यांच्या तिहाईची, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याची, सवय ‘धूम’वर येऊन थांबायला खुणावत असते.

क्लावे

क्लावे म्हणजे त्या दोन लाकडी काठ्या, आणि त्यांच्यावर वाजणारी पाच आघातांची आकृतीही. मार्तियोची दोन आवर्तनं म्हणजे एक क्लावे. सोळा मात्रा मोजल्या तर सोन क्लावेचे आघात १, ४, ७, ११ आणि १३ वर येतात. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. गाण्यानुसार दोनचा अर्धा आधी आणि तीनचा नंतर असंही असतं, पण पूर्ण गाण्यात ती दिशा पाळली जाते.

तीनताल सोळाचा म्हणून क्लावे त्याच चौकटीत बसवायचा मोह होतो. सोळा मोजायला तो आकडा वापरा, त्याहून जास्त नाही. क्लावेत ‘खाली’, म्हणजे बिनटाळीचा भाग, नाही आणि विभागांची टाळीही नाही. ताण असलेला अर्धा आणि तो ताण सोडवणारा अर्धा, इतकंच आहे.

आपल्या कामाची खूण अशी: मार्तियोचे ‘धूम’ सोळापैकी ७ आणि १५ वर येतात. म्हणजे तीनच्या बाजूला क्लावेचा तिसरा आघात आणि तुमचा ‘धूम’ एकत्र पडतात, आणि दोनच्या बाजूला ‘धूम’ एकटा असतो. मोबाइलवर क्लावे लावा आणि फक्त ही भेट ऐका. ती सापडली की तुम्ही कुठल्या अर्ध्यात आहात हे मोजावं लागत नाही.

घरात दुसरं कुणी असेल तर त्याला टाळीनं क्लावे द्यायला सांगा. यंत्रापेक्षा माणसाची क्लावे बरी. ती किंचित हलते आणि तुम्हाला ऐकत वाजवावं लागतं.

काय ऐकायचं

सेक्स्तेतो आबानेरोची १९२० च्या दशकातली रेकॉर्डिंगं आधी ऐका. आवाज जुनाट आहे, पण बोंगो स्वच्छ कळतो. त्या गटात ऑस्कर सोतोलोंगो आणि नंतर आगुस्तीन गुतिएर्रेस हे बोंगोसेरो होते. ऐकताना लक्षात येईल की ते मार्तियो क्वचितच सलग वाजवतात. गायकाची ओळ संपली की मध्ये शिरतात, ओळ सुरू झाली की माघार घेतात. मग आर्सेन्यो रॉद्रीगेसचा १९४० च्या दशकातला ताफा ऐका आणि बोंगो कसा स्थिरावला ते पाहा. तिसरं ऐकणं ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या १९९७ च्या अल्बमचं. ध्वनिमुद्रण आधुनिक आहे, गती बेताची आहे, आणि नवशिक्याला सोबत वाजवायला तो फार सोयीचा.

सोबत वाजवताना पहिल्या फेरीत हात लावू नका. क्लावे शोधा, पायानं १-३ धरा. दुसऱ्या फेरीत फक्त ‘धूम’. तिसऱ्या फेरीत मार्तियो, तोही इतका हळू की रेकॉर्डिंगमधला बोंगो तुम्हाला ऐकू येत राहील. बोलेरो म्हणजे संथ प्रेमगीतं. ती यासाठी उत्तम, कारण तिथे हळू आणि मऊ वाजवण्याशिवाय पर्याय नसतो.

भर घालायची ती केव्हा

मार्तियो सलग दहा मिनिटं न ढळता चालला की मगच जागा भरायला घ्या. पहिली भर अगदी लहान ठेवा: चौथ्या ठोक्यावर एम्ब्राचा एक आघात असतो तिथे दोन करा, ४ वर आणि त्याच्या मधल्या भागावर. मग परत साधा मार्तियो. गायक गात असताना नाही, त्याच्या ओळी संपताना. जी भर घालाल ती आधी तोंडानं म्हणता आली पाहिजे. आपल्या गुरुजनांचा ‘आधी पढंत’ हा नियम इथे शब्दशः लागू पडतो.

जुन्या सोनमध्ये आणि चांग्वीत एम्ब्रावर बोट घासून काढलेला हुंकारासारखा आवाज ऐकू येतो. मधल्या बोटाचं टोक घामानं किंवा थुंकीनं किंचित ओलं करायचं, मागून अंगठ्याचा टेकू द्यायचा आणि कातड्यावर तिरकं दाबत पुढे ढकलायचं. बोट थरथरत सरकलं की आवाज येतो. प्लास्टिकवर तो कठीण जातो. पहिल्या आठवड्यात बोटाचं कातडं सोलवटेल, म्हणून रोज दोन-चार वेळांपेक्षा जास्त नको.

घंटा

बोंगोसेरोच्या पायाशी नेहमी एक मोठी, लोलक नसलेली गुरांची घंटा असते. गाणं सुरुवातीच्या कडव्यांतून मोन्तुनोत, म्हणजे कोरस आणि मुख्य गायक यांच्या सवाल-जवाबाच्या भागात शिरलं, की कोंगा असलेल्या ताफ्यात बोंगोसेरो बोंगो थांबवून ही घंटा डाव्या हातात घेतो आणि जाड लाकडी दांड्यानं वाजवतो. घंटेचं तोंड खालचा, रुंद आवाज देतं. पकडीजवळची पाठ वरचा, कोरडा आवाज देते.

सुरुवातीला फक्त तोंडावर १ आणि ३ वाजवा, पाठीवर काहीच नको. सगळा ताफा चौथ्यावर झुकलेला असताना १ आणि ३ सरळ धरणारी ही घंटाच असते, आणि नाचणारे तिच्यावरच विसंबतात. घंटेभोवतीचा डावा हात फार आवळू नका, नाहीतर आवाज मरतो. फार ढिलाही नको, नाहीतर ती किणकिणत राहते. हे दोन ठोके पूर्ण मोन्तुनोभर न धावता धरता आले की पाठीवरचे मधले आघात शिकायला घ्या, आणि तेही शक्यतो क्लावे वाजवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून.